एक क्रमांक, एक तारीख: डिझेल इंजिनाची प्रतिकृती बांधण्याआधीचे संशोधन

‘मला डब्ल्यूडीएम-२ बांधायचे आहे’, म्हणजे भारतीय रेल्वेच्या या डिझेल इंजिनवर्गाची प्रतिकृती करायची आहे, एवढेच ठरवून जो कामाला लागतो, त्याने चुकीला दार पहिल्याच दिवशी उघडे ठेवलेले असते. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथील अल्को कंपनीची या वर्गाची पहिली इंजिने १९६२ मध्ये भारतात आली, १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये ती बांधली जाऊ लागली, आणि पुढील तीन दशकांत त्यांची संख्या अडीच हजारांच्या वर गेली. एवढ्या काळात कारखान्याने रचनेत बदल केले, देखभाल करणाऱ्या शेडांनी आपापल्या सोयीने फेरफार केले, आणि मोठ्या दुरुस्तीसाठी गेलेले इंजिन पुष्कळदा गेले तसे परत आले नाही. म्हणून माझा आग्रह असतो की प्रतिकृती वर्गाची नसावी, एका क्रमांकाची असावी, आणि त्या क्रमांकाला एक तारीखही जोडलेली असावी. नेमका दिवस ठरवता आला नाही तरी वर्ष आणि ऋतू ठरवावा. अमेरिकेतले छांदिष्ट एकाच वर्गाचे बाह्य खुणांवरून ‘फेज’ पाडतात. पण असे गट अभ्यासकांनी आपल्या सोयीसाठी पाडलेले असतात, आणि एकाच गटातील दोन इंजिनांतही जाळी, पायरी किंवा दिवा यांचा फरक निघतो.

नागपूरकरांना निवड करताना एक फायदा आहे. मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोहोंचे विभाग येथे आहेत, आणि अलीकडेपर्यंत ब्रॉडगेज व नॅरोगेज ही दोन्ही जगे एकाच गावात नांदत होती. मुख्य मार्गांवर १९९० च्या आसपास विजेच्या तारा आल्या. त्यापूर्वीचा काळ घेतला तर मेल-एक्स्प्रेसच्या पुढे अल्कोची इंजिने दाखवता येतात. नॅरोगेजचा मोह असेल तर इतवारीहून छिंदवाड्याकडे जाणारा फाटा २०१५ मध्ये आणि नागभीडकडे जाणारा २०१९ मध्ये बंद झाला, हे लक्षात ठेवून त्याआधीची तारीख निवडावी.

प्रमाणाचा हिशेब या टप्प्यावरच करून टाकावा, कारण पुढचे पुष्कळ निर्णय त्यावर अवलंबून असतात. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचा असतो, आणि तो १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजसाठी ठरवलेला आहे. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे, म्हणजे त्या प्रमाणात १९.२६ मिलिमीटर. तयार रुळावर चालवायचे असेल तर पावणेतीन मिलिमीटरची तूट पत्करावी लागते आणि समोरून पाहताना इंजिन पाय जवळ घेऊन उभे असल्यासारखे दिसते. नॅरोगेजचे ७६२ मिलिमीटर मात्र ८.७६ मिलिमीटर होतात, आणि एन गेज या आणखी लहान प्रमाणाचा ९ मिलिमीटरचा रूळ त्याच्या अगदी जवळ जातो. तडजोड करावयाची की रूळही स्वतः टाकायचा, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. फक्त तो निर्णय चाके विकत घेतल्यानंतर सुचू नये.

आता क्रमांक आणि वर्ग वाचण्याविषयी थोडे सांगतो. पहिले अक्षर गेजचे, दुसरे इंधनाचे, तिसरे कामाचे: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, झेड म्हणजे ७६२ मिलिमीटरचे नॅरोगेज, डी म्हणजे डिझेल, आणि पुढे एम मिश्र कामासाठी, जी मालगाडीसाठी, पी प्रवासी गाडीसाठी, एस शंटिंगसाठी. आकड्याबाबत मात्र सावध राहावे. डब्ल्यूडीएम-२ मधील २ हा नुसता अनुक्रम आहे, कारण त्या इंजिनाची शक्ती २,६०० अश्वशक्ती होती. डब्ल्यूडीएम-३ए मधील ३ मात्र तीन हजारांचा आणि ए हे वरच्या शंभराचे चिन्ह, म्हणजे ३,१०० अश्वशक्ती. याच इंजिनांना आधी डब्ल्यूडीएम-२सी म्हणत असत आणि डब्ल्यूडीजी-३ए ला डब्ल्यूडीजी-२. त्यामुळे जुन्या छायाचित्रात इंजिनावर जुने नाव दिसले तर त्याला रंगाऱ्याची चूक समजू नये. तो काळाचा पुरावा आहे. त्याचप्रमाणे काही डब्ल्यूडीएम-२ पुढे पुनर्बांधणी होऊन डब्ल्यूडीएम-३ए झाल्या, म्हणून एकाच क्रमांकाची दहा वर्षांच्या अंतराने काढलेली दोन छायाचित्रे एकत्र मांडून त्यांतून एक इंजिन शिवायला बसणे धोक्याचे असते.

साधनांमध्ये पहिला मान आराखड्यांचा. लखनौच्या आरडीएसओचे, म्हणजे रेल्वेच्या संशोधन व आरेखन संस्थेचे, आणि कारखान्याचे आराखडे, शेडमधील देखभालीची पुस्तके, ‘व्हाइट मॅन्युअल’ या नावाने ओळखले जाणारे अल्को इंजिनांचे देखभाल-पुस्तक, यांपैकी जे अधिकृत मार्गाने पाहायला मिळेल ते पाहावे. पण आराखडा काय सांगतो आणि काय सांगत नाही याची जाण हवी. आराखड्यात इंजिन कसे असावे हे असते, आणि कोणत्या तारखेला ते प्रत्यक्षात कसे होते हे छायाचित्रात असते. दोहोंत विरोध आला तर मापासाठी मी आराखड्यावर विश्वास ठेवतो आणि तपशिलासाठी छायाचित्रावर. नुसता ‘लांबी’ हा शब्द दिसला तर ती बफरच्या टोकापासून टोकापर्यंत आहे, हेडस्टॉकपासून (बफर बसवलेल्या टोकाच्या आडव्या तुळईपासून) हेडस्टॉकपर्यंत आहे की सांगाड्याची आहे, हे तपासल्याशिवाय वहीत उतरवू नये. परिचयाचे उदाहरण आयसीएफ डब्याचे, म्हणजे चेन्नईच्या डबे कारखान्याच्या धाटणीच्या प्रवासी डब्याचे: डब्याचे अंग २१,३३७ मिलिमीटर लांब आणि बफर धरून लांबी २२,२९७ मिलिमीटर. ९६० मिलिमीटरचा हा फरक एचओमध्ये ११ मिलिमीटर होतो, आणि ११ मिलिमीटरने लांब झालेला डबा कोणालाही खटकतो.

ज्या भागाचे माप आराखड्यात मिळत नाही, ते छायाचित्रावरून काढावे लागते. त्यासाठी छायाचित्रातच एक माहीत असलेली वस्तू शोधायची आणि तिलाच मोजपट्टी करायची. डब्ल्यूडीएम-२ चे नवे चाक १,०९२ मिलिमीटर व्यासाचे असते. समजा, बाजूने सरळ काढलेल्या छायाचित्राच्या छापील प्रतीवर ते २१ मिलिमीटर भरले, तर प्रतीवरचा एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले ५२ मिलिमीटर. हूडचा, म्हणजे यंत्रावरच्या लांबट आवरणाचा, एखादा दरवाजा प्रतीवर ३३ मिलिमीटर उंच असेल तर तो प्रत्यक्षात १,७१६ मिलिमीटर, आणि एचओमध्ये १९.७ मिलिमीटर. गणित शाळकरी आहे. फसवणूक दुसरीकडे आहे. एक तर चाक झिजते आणि लेथवर चढवून उतरवले की व्यास कमी होतो, त्यामुळे एकट्या चाकावर विसंबू नये. रुळांखालचे काँक्रीटचे स्लीपर किलोमीटरला १,६६० या हिशेबाने टाकले असतील तर दोन स्लीपरमधले अंतर सुमारे ६०२ मिलिमीटर येते, आणि दहा घरे एकदम मोजली की त्याची सरासरी चांगली निघते. समोरून काढलेल्या छायाचित्रात ब्रॉडगेजच्या दोन बफरच्या मध्यबिंदूंतील १,९५६ मिलिमीटरचे अंतर कामी येते.

दुसरी फसवणूक खोलीची. चाक आणि हूडचा दरवाजा एका प्रतलात नसतात. अल्कोच्या इंजिनावर हूडच्या दोन्ही अंगांना चालण्याची पायवाट असल्याने दरवाजा आत असतो आणि म्हणून तो किंचित लहान दिसतो. हा फरक ३० सेंटिमीटरचा धरला, तर सहा मीटरवरून काढलेल्या छायाचित्रात मापात पाच टक्क्यांची चूक येते आणि तीस मीटरवरून काढलेल्यात एक टक्क्याची. वीस मिलिमीटरच्या दरवाजात पहिली चूक पूर्ण एक मिलिमीटरची, दुसरी केसाएवढी. म्हणून मोजण्यासाठी छायाचित्र काढायचे असेल तर लांब उभे राहून झूम करावे, मोबाइल पोटाशी धरून जवळून काढू नये. जवळचे छायाचित्र बोल्ट, पाट्या आणि वेल्डिंगची शिवण पाहण्यासाठी ठेवावे.

कुठे उभे राहायचे, यालाही विचार लागतो. उंच फलाटाची पातळी रुळापासून साधारण ७६० ते ८४० मिलिमीटर असते, म्हणजे ज्या फलाटाला इंजिन लागले आहे तिथून बोगी (चाकजोड्या धरणारा सांगाडा), इंधनाची टाकी आणि वाळूचे नळ जवळजवळ झाकलेच जातात. समोरच्या फलाटावरून, मधला रूळ मोकळा असताना, तेच इंजिन पायापर्यंत दिसते. छत पाहायचे तर पादचारी पुलाला पर्याय नाही. नागपूर स्थानकात संत्रा मार्केटच्या बाजूला जाणाऱ्या पुलावरून इंजिनाच्या डोक्यावरचा धुराडा, लाँग हूडच्या टोकाला असलेला रेडिएटरचा मोठा पंखा आणि हॉर्न एका नजरेत येतात. प्रतिकृती टेबलावर ठेवली की ती नेहमी वरूनच पाहिली जाते, आणि तरीही छताचेच छायाचित्र सर्वांत शेवटी आठवते, ही गंमत मला अजून उलगडलेली नाही. उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन या वेळात जाऊ नये. ऊन डोक्यावर असते, जाळ्यांच्या आत काळोख आणि हूडवर पांढरा चटका, आणि या दोहोंमध्ये तपशील हरवतो. सकाळचे तिरपे ऊन लूव्हरच्या प्रत्येक पट्टीची सावली पाडते, त्यामुळे पट्ट्या मोजता येतात. मात्र फलाट सोडून रुळांत उतरू नये. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि शेडमध्ये जायचे तर लेखी परवानगी घेऊनच जावे.

नागपुरातल्या मोतीबागचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय येथे आवर्जून सांगायला हवे. तिथल्या गाड्या उभ्या आहेत, त्यामुळे कपलिंग, बफर, चाकांचे आरे, डब्यांच्या बोगी यांच्याकडे घाई न करता पाहता येते. नॅरोगेजचे डिझेल करणाऱ्याला हा सराव फार उपयोगी पडतो, कारण चित्तरंजनला बांधलेल्या झेडडीएम-४ए सारख्या इंजिनाची ठेवण ब्रॉडगेजच्या सवयीने समजत नाही: प्रत्येक बोगीत इंजिनाच्या शक्तीने फिरणाऱ्या दोन चाकजोड्या आणि बाहेरच्या टोकाला भार वाहणारी एक वेगळी चाकजोडी, शिवाय विजेच्या मोटरऐवजी हायड्रॉलिक प्रेषण, म्हणजे द्रवामार्फत चाकांपर्यंत पोचणारी शक्ती. एक पथ्य पाळावे. संग्रहालयातले किंवा चौथऱ्यावर बसवलेले इंजिन आकारासाठी विश्वासाचे, रंगासाठी आणि सुट्या भागांसाठी नाही. त्याला नंतर कोणीतरी रंग दिलेला असतो आणि होजपाइप, दिव्यांच्या काचा, क्रमांकाच्या पाट्या कुठेतरी गेलेल्या असतात.

छायाचित्रावर तारीख नसते तेव्हा ती छायाचित्रातूनच काढावी लागते, आणि मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात सर्वांत रस याच कामात आहे. नॅरोगेजच्या इंजिनावर दक्षिण पूर्व रेल्वेची अक्षरे असतील तर ते छायाचित्र बहुधा एप्रिल २००३ च्या आधीचे, कारण दक्षिण पूर्व मध्य रेल्वे त्या महिन्यात वेगळी झाली; अर्थात नवा रंग लागेपर्यंत जुनी अक्षरे काही काळ फिरत राहिली असणार, म्हणून ‘बहुधा’. इंजिनाच्या अंगावर पीओएचची, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या संपूर्ण दुरुस्तीची, तारीख स्टेन्सिलने लिहिलेली असते. ती वाचता आली तर छायाचित्र त्यानंतरचे हे नक्की. हेडस्टॉकवरच्या नळ्या मोजाव्यात. व्हॅक्यूम ब्रेकचा एक जाड नळ, एअर ब्रेकच्या ब्रेक पाइप आणि फीड पाइप अशा दोन नळ्या. तिन्ही असतील तर इंजिन दोन्ही प्रकारच्या गाड्या ओढणारे. ब्रेक पाइपला हिरवा आणि फीड पाइपला पांढरा रंग देतात, आणि समोरून पाहताना हे दोन ठिपके डोळ्यांत भरतात, म्हणून ते चुकवू नयेत. जुना एकेरी मोठा हेडलाइट की नंतरचा जोडदिवा, फ्लॅशर लाइट बसला आहे की नाही, कॅबच्या (चालकाच्या खोलीच्या) खिडक्या कशा आहेत, हेही पाहावे. काही डब्ल्यूडीएम-२ शॉर्ट हूड पूर्ण रुंदीचा आणि मोठ्या खिडक्यांचा घेऊन आल्या. रेल्वेप्रेमी त्यांना ‘जम्बो’ म्हणतात, आणि नेहमीच्या हूडवर नुसता रंग फिरवून जम्बो होत नाही.

माणसांकडून मिळणारी माहिती पुस्तकात सापडत नाही, पण ती मिळवण्याची रीत आहे. निवृत्त चालकाला किंवा फिटरला ‘रंग निळाच होता ना?’ असे विचारले तर तो मान डोलावतो, कारण तुमचे मन मोडायचे नसते. त्यापेक्षा चार छायाचित्रे समोर ठेवावीत आणि गप्प बसावे. घरातले अल्बमही मागावेत. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या कुटुंबांत इंजिनापुढे उभे राहून काढलेले एखादे छायाचित्र हमखास असते, आणि त्याच्या पाठीमागे बॉलपेनने नाव-तारीख लिहिलेली असते. विश्वकर्मा पूजेची आणि दसऱ्याची छायाचित्रे विशेष स्पष्ट असतात, कारण त्या दिवशी इंजिन स्थिर, माणसे रांगेत आणि छायाचित्रकार मुद्दाम बोलावलेला. फक्त त्या दिवशी इंजिन धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून उभे असते. रोजची काजळी त्यावरून ठरवू नये.

अशाच एका निवृत्त लोको पायलट काकांनी माझी एक प्रतिकृती हातात घेतली होती. आठ महिन्यांचे काम होते आणि कौतुकाची अपेक्षा मी लपवलेली नव्हती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, इंजिन डोळ्यांजवळ नेले, आडवे धरले, आणि पुढच्या बोगीवर अंगठ्याचे नख टेकवून म्हणाले, ‘बापू, हे बोगी उलटी काहून बसवली?’ अल्कोची ही तीन चाकजोड्यांची ट्रायमाउंट बोगी वरवर सारखी दिसते, पण मधली चाकजोडी बरोबर मध्ये नसते. एका बाजूचे अंतर कमी, दुसऱ्या बाजूचे जास्त. दोन बोगी इंजिनाखाली एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या बसतात. मी दोन्ही एकाच दिशेने बसवल्या होत्या. माझ्याजवळ बाजूची छायाचित्रे अकरा होती, परंतु मागची बोगी त्यांपैकी एकातही स्पष्ट नव्हती, आणि पुढचीसारखीच मागची असेल असे मी न तपासता गृहीत धरले होते. तेव्हापासून एक नियम केला: डाव्या बाजूवरून उजवी आणि पुढच्यावरून मागची कधीही काढायची नाही. डिझेल इंजिनाच्या दोन बाजू म्हणजे नाण्याचे छापा आणि काटा. दरवाजे, जाळ्या, झडपा दोन्हीकडे वेगवेगळ्या जागी असतात.

रंगाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वाद पुष्कळ आणि पुरावा थोडा असतो. जुन्या छापील छायाचित्रांतील रंग उडतो, आणि तोही सर्व रंगांचा सारखा उडत नाही. म्हणून छायाचित्रात ज्याचा खरा रंग माहीत आहे अशी वस्तू शोधावी, उदाहरणार्थ सिग्नलचा लाल हात किंवा स्थानकाची पिवळी पाटी, आणि तिच्या तुलनेत इंजिनाचा रंग ठरवावा. मळ देताना भूगोल पाहावा. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडे कोळसा नेणाऱ्या इंजिनावर काळपट भुकटी बसते. इथल्या पावसाळ्यात खालच्या अंगाला काळ्या मातीचा चिखल उडतो, कोकणातला तांबडा नाही. धुराड्याभोवतीची काजळी छतावरून मागे ओढलेली असते, आणि अल्को धूर फार करत असल्याने ती हात सैल सोडून द्यावी.

हे सगळे एका वहीत उतरवावे: एका इंजिनाला एक वही, आणि तीत दोन बाजू, दोन टोके, छत आणि खालचा भाग यांसाठी वेगवेगळी पाने. जे पुराव्याने ठरले ते काळ्या पेन्सिलीने, जे अंदाजाने धरले ते लाल पेन्सिलीने लिहावे, आणि पुढे पुरावा सापडला की लाल खोडून काळे करावे. माझ्या सध्याच्या वहीत कॅबच्या मागच्या भिंतीचे जवळजवळ सगळे पान लाल आहे. काही जण हे पान भरेपर्यंत बांधकाम थांबवतात. मला ते पटत नाही. जो भाग लाल आहे तो सर्वांत शेवटी चिकटवावा किंवा स्क्रूने बसवावा, म्हणजे नंतर काढता येतो.

प्लास्टिकची शीट कापण्यापूर्वी पुठ्ठ्याचा एक साधा खोका अंतिम मापाने करावा आणि त्यावर दारे-खिडक्या पेन्सिलीने आखाव्यात. मग निवडलेल्या मूळ छायाचित्रात कॅमेरा ज्या उंचीवर आणि ज्या कोनात होता, प्रमाणाच्या हिशेबाने त्याच उंचीवर व कोनात मोबाइल धरून खोक्याचे छायाचित्र काढावे. फलाटावर उभ्या माणसाचा डोळा रुळापासून साधारण सव्वादोन ते अडीच मीटरवर असतो, म्हणजे एचओमध्ये टेबलावरच्या रुळापासून २६ ते २९ मिलिमीटरवर; मोबाइल उलटा धरून भिंग खाली आणल्याशिवाय ते जमत नाही. दोन्ही छायाचित्रे पडद्यावर शेजारी ठेवावीत. कॅबची कड हूडच्या रेषेला जिथे भेटते ती जागा, धुराड्याची उंची आणि बफरपासून पहिल्या चाकापर्यंतची मोकळी जागा, या तीन ठिकाणी फरक चटकन दिसतो. फरक दिसला तर वहीतले त्या भागाचे माप पुन्हा लाल करावे आणि पुठ्ठा नव्याने कापावा.